गोंदियाच्या चार दिशा आणि इंधनाचा जमाखर्च

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी पूर्वेच्या टोकाला गोंदिया जिल्हा आहे. उत्तरेस बालाघाट, पूर्वेस छत्तीसगड, दक्षिणेस गडचिरोली आणि पश्चिमेस भंडारा अशा सीमांमध्ये वसलेला हा मुलूख १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. वैनगंगा, बाघ, चुलबंद या नद्या, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले जुने तलाव आणि त्यांच्या पाण्यावर डोलणारी धानाची बांधी ही या भूमीची ओळख. भाताच्या गिरण्यांमुळे गोंदिया शहराला ‘तांदूळनगरी’ म्हणतात. तेंदूपाने, विडी आणि लाख यांचाही येथील व्यापार जुना आहे.

या गावाला मोठेपण दिले ते मात्र रेल्वेने. १८८० च्या दशकाच्या आरंभी छत्तीसगडचे धान्य नागपूरकडे आणण्यासाठी नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवर सुरू झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रुंद केली व हावड्याच्या दिशेने वाढवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून उत्तरेला नैनपूरमार्गे जबलपूरकडे आणि दक्षिणेला नागभीडकडे अडीच फुटी रुळांच्या छोट्या गाड्या धावू लागल्या. दक्षिणेचा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. उत्तरेकडे बालाघाट-नैनपूर टप्प्यात छोटी गाडी २०१५ पर्यंत टिकली आणि त्यानंतर काही वर्षांनी जबलपूरपर्यंतचा सारा मार्ग रुंद झाला. आज गोंदियाच्या फलाटावरून चारही दिशांना गाड्या सुटतात. पश्चिमेला नागपूर, पूर्वेला दुर्ग-रायपूर, उत्तरेला बालाघाट-जबलपूर, दक्षिणेला चांदा फोर्ट-बल्लारशा.

जैन श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा गृहस्थाने स्वतः आखून घ्यावी, असा त्याचा आशय. चार दिशांना रूळ पसरलेल्या गोंदियासारख्या जंक्शनवर या व्रताचा विचार केला, तर एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. व्यापारी कुटुंबाला प्रवास आणि मालाची ने-आण टाळता येत नाही. मग तीच वाटचाल कोणत्या साधनाने केली असता कमी इंधन जळेल आणि कमी जीव दुखावतील? अग्नी, वायू, पाणी, माती व वनस्पती यांतही जीव मानणाऱ्या परंपरेला हा प्रश्न परका नाही. प्रत्येक लिटर डिझेल जळताना तेजस्काय व वायुकाय या दोहोंशी संबंध येतोच.

बंडी, ट्रक आणि मालगाडी

रेल्वेपूर्वी येथील धान बैलबंडीने हलत असे. बंडीला इंधन लागत नाही, धूर निघत नाही. म्हणून ती निर्दोष ठरते का? अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘अतिभारारोपण’ सांगितले आहे. मुक्या जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर ओझे लादणे हा दोष होय. ज्या शास्त्रकारांनी हे लिहिले, त्यांच्या डोळ्यांपुढे व्यापाऱ्यांच्या मालाने लादलेले बैलच असले पाहिजेत. श्वेतांबर परंपरेने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत गाड्या बनवून विकण्याचा व भाड्याने वाहतूक करण्याचा धंदाही येतो. वाहतुकीतील हिंसेचा हिशेब आपल्या परंपरेत इतका जुना आहे.

आता आजचा हिशेब पाहू. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे २.३ किलो. दहा चाकी ट्रक साधारण १८ टन माल घेऊन लिटरला ४ किलोमीटरच्या आसपास जातो, असे धरले तर एक टन माल एका लिटरमध्ये ७२ किलोमीटर जातो. एक हजार किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने गोंदियाहून मुंबईच्या बाजारापर्यंत, अशा ट्रकला २५० लिटर डिझेल लागते. तांदळाच्या प्रत्येक क्विंटलवर जवळजवळ १.४ लिटर डिझेल आणि ३.७ किलो कर्बवायू चढतो.

तोच तांदूळ मालगाडीने पाठवला तर काय होते? बंद वाघिणींच्या ४२ डब्यांच्या एका रॅकमध्ये सुमारे २,६०० टन माल मावतो. तेवढ्यासाठी दहा चाकी ट्रक १४४ लागतील आणि हजार किलोमीटरला ३६,००० लिटर डिझेल जळेल. कर्बवायू सुमारे ९७ टन. रॅकचे वाघिणी व इंजिनासह वजन साडेतीन हजार टनांच्या घरात जाते. एकूण वजनाच्या दर हजार टन-किलोमीटरला डिझेल इंजिन दोन-अडीच लिटर इंधन घेते. अडीच लिटर धरूनही खर्च ९,००० लिटरच्या आत राहतो, म्हणजे ट्रकच्या चौथ्या हिश्शाएवढा. विजेचे इंजिन असेल तर सुमारे २५,००० युनिट वीज लागते. देशातील विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कर्बवायू धरला, तर तो १७ ते १८ टन होतो. ट्रकच्या जवळपास पाचवा हिस्सा.

हा फरक पडतो तो चाकामुळे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना क्वचितच दबते. रबरी टायर मात्र प्रत्येक फेऱ्यात रस्त्याला टेकून चपटा होतो आणि पुन्हा उभारी घेतो. या दबण्या-उठण्यात शक्ती खर्च होते. मालाने भरलेल्या ट्रकला सपाट रस्त्यावर चाकांचा जो विरोध सोसावा लागतो, तो रेल्वेच्या चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक असतो. शिवाय वाघिणी एकामागे एक चालतात. समोरची हवा एकट्या इंजिनाला कापावी लागते. ट्रकांच्या ताफ्यात मात्र प्रत्येक ट्रक आपली हवा आपणच कापतो.

हे आकडे ढोबळ आहेत, हे ध्यानी ठेवले पाहिजे. सोळा चाकी मोठा ट्रक टनामागे कमी डिझेल घेतो. परतीला रिकामे यावे लागले तर ट्रक असो की रॅक, दोघांचाही हिशेब फुगतो. तरीही क्रम बदलत नाही.

शेवटचे वीस किलोमीटर

मग प्रत्येक व्यापारी रेल्वेनेच माल का पाठवत नाही? कारण रॅक भरायला २,६०० टन लागतात आणि दुकानदाराला लागतात २० टन. रॅक वेळेवर मिळणे, ठरलेल्या तासांत भरणे-उतरवणे, विलंब झाल्यास दंड, मालधक्क्यावर हमालांची जुळवाजुळव आणि मग पुन्हा ट्रकमध्ये भरून गोदामापर्यंत नेणे, हे सारे आले. बारदान एकदा उचलायचे तेथे तीनदा उचलावे लागते. धान्य सांडते, पोती फाटतात. घरापासून घरापर्यंत जाणारा ट्रक सोयीचा वाटतो तो याचमुळे.

या हिशेबात एक बाब बहुधा नजरेतून सुटते. पाऊण टन माल नेणारी छोटी चारचाकी, जिला सारे ‘छोटा हत्ती’ म्हणतात, लिटरला १६ किलोमीटर गेली तरी एका लिटरमध्ये एक टन माल १२ किलोमीटरच जातो. मोठ्या ट्रकच्या सहापट इंधन. गोदामापासून दुकानापर्यंतच्या वीस किलोमीटरमध्ये ती एका टनामागे जेवढे डिझेल जाळते, तेवढ्यात तोच टन मोठ्या ट्रकने १२० किलोमीटर आणि डिझेल इंजिनाच्या मालगाडीने जवळपास ५०० किलोमीटर गेला असता. मुंबईहून आलेल्या मालाच्या लांब प्रवासाकडे सर्वांचे लक्ष असते. आमगाव किंवा गोरेगावच्या बाजारात दिवसातून तीनदा अर्धी रिकामी धावणारी छोटी गाडी कोणी मोजत नाही. दोन-तीन शेजारी दुकानदारांनी एकच भरलेली फेरी ठरवली, तर येथील बचत सर्वांत सोपी आहे आणि तिला सरकारी परवानगी लागत नाही.

गोंदियाच्या गिरण्या स्वतःच इंधनाची मोठी बचत करतात, हेही सांगायला हवे. सरकारी भरडाईच्या प्रमाणानुसार १०० क्विंटल धानातून ६७ क्विंटल तांदूळ मिळतो. उरलेला तूस, कोंडा व कणी. धान शेताजवळच भरडले गेले की दूरच्या प्रवासाला निघणारे वजन एक तृतीयांशाने घटते. तूस उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरमध्ये जळतो आणि तेवढा कोळसा वाचतो. भरडाई शेताशेजारी असण्यातला हा फायदा जुन्या व्यापाऱ्यांनी पर्यावरणाचे नाव न घेताही ओळखला होता. त्यांना गाडीभाडे वाचवायचे होते.

माणसांचा प्रवास

मालाप्रमाणे माणसांचे मोजमाप केले तर निकाल थोडा वेगळा येतो. २२ डब्यांची एक्स्प्रेस विजेवर धावते तेव्हा एका किलोमीटरला साधारण २६ युनिट वीज लागते. गाडीत १,२०० प्रवासी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किलोमीटरमागे १५ ग्रॅम कर्बवायू येतो. लिटरला साडेचार किलोमीटर जाणाऱ्या एसटीत ४० प्रवासी असले, तर तेथेही माणशी १५ ग्रॅमच पडतात. भरलेली एसटी आणि भरलेली रेल्वे यांच्यात म्हणण्यासारखे अंतर नाही, हे अनेकांना नवल वाटेल. मात्र एसटीत दहाच प्रवासी असले तर तोच आकडा ६० ग्रॅमवर जातो.

लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल मोटार किलोमीटरला सुमारे १५४ ग्रॅम सोडते. चौघे बसले तर माणशी ३९. एकटा मालक बसला तर सारे १५४ त्याच्या एकट्याच्या नावावर. मोटारसायकलवर दोघे असले तर माणशी २३ ग्रॅमच्या आसपास. शहरातील ई-रिक्षा चार प्रवासी घेऊन धावली तर माणशी १२ ग्रॅम पडतात. तिचा धूर रस्त्यावर दिसत नाही, तो वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा कोळशावर चालणारा प्रकल्प उभा आहे. ई-रिक्षाच्या जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या कोठे जातात, हाही प्रश्न आहेच. तरीही सूर्य आणि वाऱ्यापासूनची वीज जसजशी वाढेल, तसतशी विजेवरची रेल्वे व रिक्षा आपोआप स्वच्छ होत जाईल. डिझेलच्या बाबतीत ती आशा नाही.

गोंदियाहून मुंबईला विदर्भ एक्स्प्रेस जाते. अंतर ९७० किलोमीटरच्या आसपास. वरील हिशेबाने एका प्रवाशाचा वाटा १५ किलोच्या घरात येतो. मोटारीने एकटा गेल्यास त्याच्या दसपट. रेल्वेतही वर्गाप्रमाणे वाटा बदलतो. पहिल्या वातानुकूलित वर्गाच्या डब्यात २४ जण झोपतात, तर साध्या शयनयानात ७२ वा अधिक. डबा ओढायचे श्रम मात्र जवळपास तेवढेच. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तर राज्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला जोडते. हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज, सांगली ही जैन वस्तीची गावे घेत, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर असे करीत ती तेराशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून गोंदियाला विसावते. कुंभोजच्या बाहुबलीचे दर्शन घ्यायला जाणाऱ्या पूर्व विदर्भातील कुटुंबाला ही एकच गाडी हातकणंगल्यापर्यंत नेते. वेळ एका दिवसाहून अधिक लागतो. पण पाच कुटुंबे पाच मोटारींनी निघण्याऐवजी एका डब्यात बसली, तर इंधनाबरोबर वाटेतले जेवण, सामायिक आणि गप्पाही एकत्र होतात.

आकाशमार्गही आता दूर नाही. शहराजवळ बिरसी येथे ब्रिटिश काळातील धावपट्टी आहे. तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. मार्च २०२२ मध्ये येथून प्रवासी विमानसेवेला आरंभ झाला आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादमार्गे तिरुपतीला जाणारी इंडिगोची सेवा सुरू झाली. अशा मार्गांवर चालणारे एटीआर जातीचे पंख्याचे विमान जेटपेक्षा काटकसरी असते. तरी हैदराबादच्या सुमारे ५०० किलोमीटरच्या उड्डाणात पाऊण ते एक टन इंधन जळते. एक किलो विमानइंधनातून ३.१६ किलो कर्बवायू निघतो. ७८ आसने पूर्ण भरली तरी माणशी ३० ते ४० किलो पडतात. बल्लारशामार्गे रेल्वेने हेच अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि माणशी वाटा ९ किलो. रुग्णाला तातडीने हलवायचे असेल तेव्हा विमान हवेच; केवळ एक बैठक उरकायची असेल तर विचार करावा.

जंगलातून जाणारी वाट

येथवर रेल्वेचे पारडे जड झाले आहे. पण जमाखर्चाची दुसरी बाजू वाचल्याशिवाय खाते मिटवता येत नाही, आणि जैन वाचकाला तर मुळीच नाही.

नवेगाव आणि नागझिरा ही येथील दोन विख्यात जंगले. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. या दोन जंगलांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. देवरीकडून साकोलीकडे धावणारे शेकडो ट्रक रात्रंदिवस वाघ, बिबटे, चितळ, रानगवे यांची वाट तोडतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीजवळ रस्ता ओलांडणाऱ्या वाघाला मोटारीची धडक बसली आणि तो वाचला नाही. जखमी वाघ फरपटत झाडीत जातानाची चित्रफीत अनेकांनी पाहिली. रेल्वेही निष्पाप नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावर चंद्रपूरजवळच्या जुनोना जंगलात गाडीखाली वाघाचे तीन बछडे चिरडले गेले. ज्या साधनाने इंधन सर्वांत कमी लागते, त्याच्याच रुळावर हे घडले. इंधन कमी जळते म्हणून हिंसा कमी होतेच असे नाही. ती बाब वेगळी मोजावी लागते.

आकाशातली तारही जीव घेते. महाराष्ट्रात सारस पक्षी प्रामुख्याने गोंदियातच, वैनगंगा व बाघ नदीकाठच्या धानाच्या बांधीत आणि तलावांवर उरले आहेत. जन्मभर जोडीने राहणाऱ्या या उंच पक्ष्याला वीजवाहिन्यांचा मोठा धोका असतो. विजेवरची वाहने वाढली की तारा वाढणार.

उपाय नाहीत असे नाही. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात वाहनांसाठी उंच पूल बांधून खाली जनावरांची वाट मोकळी ठेवली गेली. त्या पुलांखालून वाघांपासून चितळांपर्यंत अनेक प्राणी ये-जा करतात, हे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. जंगलातील टप्प्यात रात्री वेग उतरवणे हा दुसरा उपाय आणि तो पूर्णतः वाहनमालकाच्या हाती आहे. वेग कमी झाला की डिझेलही वाचते, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग घेतला तर तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. येथे अहिंसा व काटकसर एकाच बाजूला उभ्या राहतात.

श्रावकाच्या हिशेबात

मुनी आणि साध्वी पायी विहार करतात. चार हात पुढची जमीन पाहत पाऊल टाकावे ही त्यांची ईर्यासमिती. पावसाळ्यात जीवजंतू उदंड होतात, म्हणून चातुर्मासात ते एका ठिकाणी थांबतात. गृहस्थाला हे जमणार नाही आणि शास्त्रही त्याच्याकडून तेवढे मागत नाही. त्याच्यासाठी अणुव्रते आहेत, आणि त्यांच्या जोडीला अनर्थदंडविरती, म्हणजे ज्यातून काहीच साधत नाही असा आरंभ टाळणे. अर्धी रिकामी फेरी, उभ्या मोटारीचे चालू इंजिन, दहा मिनिटांच्या कामासाठी एकट्याने काढलेली मोठी गाडी, हवा कमी असलेले टायर: ही सारी अनर्थदंडाची आजची उदाहरणे होत. त्यांतून कुणाचेही काम होत नाही, केवळ इंधन जळते.

ट्रकमालक असलेल्या कुटुंबांसाठी ‘अतिभारारोपण’ या शब्दाला नवा अर्थ आला आहे. क्षमतेपेक्षा जास्त भरलेला ट्रक टनामागे कमी डिझेल घेतो, असा युक्तिवाद केला जातो. आकड्यापुरता तो कधी खराही ठरतो. पण त्याचे ब्रेक उशिरा लागतात, टायर फुटतात, रस्ता खचतो आणि चालक ताण सोसतो. बैलाच्या जागी आज तो चालक आहे.

दिवाळीला वीरनिर्वाणाच्या दिवशी व्यापारी घरांत नव्या वहीचे पूजन होते. त्या वहीत एक पान इंधनाचे ठेवता येईल: वर्षभरात किती क्विंटल माल हलला, त्याला किती लिटर डिझेल लागले, किती फेऱ्या रिकाम्या गेल्या, कुटुंबाच्या किती यात्रा रेल्वेने झाल्या. गोंदियाच्या एखाद्या आडत्याने हे पान लिहायला घेतले, तर पहिल्याच वर्षी त्याला दिसेल की बचतीची जागा मुंबईच्या वाटेवर कमी आणि त्याच्या गोदामापासून बाजारापर्यंतच्या वीस किलोमीटरमध्ये अधिक आहे. पुढच्या चातुर्मासात दिग्व्रताची मर्यादा आखताना कोठून आरंभ करावा, हे त्याला त्याच पानावरून कळेल.